भेकाचे बुडीत खाते

बँकेत कर्ज नव्वद दिवस थकले की अनुत्पादक, पुढे संशयित, मग बुडीत. हे शिक्के मारण्यात माझी उमेद गेली. त्यामुळे निसर्गाच्या ‘लाल यादी’कडे मी काहीशा धंदेवाईक नजरेने पाहतो.

कोस्टारिकातल्या मॉन्टेव्हर्देचा सोनेरी भेकच घ्या. ढगांत बुडालेल्या जंगलातल्या या भेकाचे वर्णन जे सॅव्हेज यांनी १९६६ साली केले. (नरांना कुणी रंगात बुडवून काढले की काय, अशी शंका खुद्द त्यांनाच आली होती!) १९८७ च्या विणीला दीड हजारांवर भेक मोजले गेले. त्या साली ताळेबंद मांडला असता तर खाते उत्तमच दिसले असते. १९८९ मध्ये एकच नर दिसला. नंतर कोणीच नाही. ‘नामशेष’ हा शिक्का पडला २००४ साली.

घाई बरी नव्हे, हे मान्य. तिथलाच अ‍ॅटेलोपस व्हेरियस संपला असे धरून चालले असताना २००३ साली पुन्हा सापडला. माझा आक्षेप डोकी मोजून पत ठरवण्याला आहे. यादीत क्षेत्राचाही निकष आहे, पण बँकेत आम्ही आधी तारण पाहत असू. या भेकाचे तारण म्हणजे पावसाळी डबकी. १९८७ च्या एल निनोत तीच आटली, अंडी सुकली. कातडीच्या बुरशीवरही संशय आहे.

आपल्या आंबोलीच्या भेकाला २००९ साली शास्त्रीय नाव मिळाले. त्याचीही वीण कातळावरच्या उथळ पाण्यात. मोजणाऱ्यांनी तिथे आधी डबकी मोजावीत, आणि तीही ऐन पावसाळ्यात.