एएनए पॉझिटिव्ह... मग पुढे?

सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली. दुपारी ऑफिसात डुलक्या, संध्याकाळी अंगात कणकण. वर केसही गळतायत. 'स्ट्रेस आहे गं, दोन दिवस सुट्टी टाक,' असं बॉसपासून आईपर्यंत सगळे सांगतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण हीच लक्षणं ल्युपसची असू शकतात. हा आजार जास्त करून १५ ते ४५ वयात गाठतो, आणि दहा पेशंटमध्ये साधारण नऊ बायका असतात.

ल्युपस म्हणजे घरच्या वॉचमननं घरच्यांवरच काठी उगारणं. जंतूंशी लढायच्या अँटिबॉडीज आपल्याच पेशींच्या केंद्रकाला शत्रू समजतात. मग मार कुठेही बसतो : सांधे, त्वचा, रक्त, किडनी. गालांवरची फुलपाखरासारखी लाली फेमस आहे खरी, पण ती सगळ्यांना येत नाही. त्यामुळे आधी हाडांचे डॉक्टर, मग स्किनचे, अशी वारी सुरू होते. प्रत्येकाच्या हाती हत्तीचा एकेक पाय!

अशात कुणीतरी एएनए ही रक्ततपासणी सांगतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की रात्रभर गुगल आणि रडारड. थांबा. ल्युपसच्या जवळपास सगळ्या पेशंटमध्ये एएनए पॉझिटिव्ह असते हे खरं, पण धडधाकट माणसांतही ती सापडते. युरोप-अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१९मध्ये निकष ठरवले, त्यात १:८० किंवा त्याहून जास्त एएनए ही फक्त एन्ट्री आहे. पुढे ताप, सांधे, त्वचा, रक्तपेशी, अँटी-डीएसडीएनए, सी३-सी४ असे गुण मोजायचे. हे निकषही मुळात संशोधनासाठी. निदान शेवटी डॉक्टरच करतात.

या सगळ्यात सगळ्यात स्वस्त टेस्ट नेमकी राहून जाते, ती म्हणजे लघवीची. किडनी बिघडताना बहुधा दुखत नाही, लघवीतून प्रोटीन मात्र जायला लागतं. गायिका सेलेना गोमेझला ल्युपसमुळेच २०१७मध्ये किडनी ट्रान्सप्लांट करावी लागली. वेळेत कळलं तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (हो, कोविडमध्ये गाजलेली तीच गोळी), नियमित डोळे तपासणी आणि गरजेप्रमाणे इतर औषधं घेऊन नोकरी, लग्न, प्लॅन करून बाळसुद्धा जमतं. स्थळ हातचं जाईल म्हणून फाइल कपाटात लपवणारी घरं आहेत. त्यात गोळ्या चुकतात आणि भोगते ती मुलगी.

तेव्हा शंका असेल तर थेट ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठा. आणि गालावर लाली उमटली की लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अपॉइंटमेंटच्या दिवशी ती हमखास गायब असते!