थाळी आधी सरळ, मग लांब

काशीत दूधविनायकाला आमचे घर. गल्लीत सांड आला की भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, त्यामुळे थाळीफेक मी शाळेच्या मैदानावरच शिकलो. आमच्या वयोगटाची थाळी दीड किलोची, वर्तुळ २.५ मीटरचे आणि समोरचा पट्टा अवघ्या ३४.९२ अंशांचा. त्याबाहेरची फेक मोजतच नाहीत.

तरी नवे कॅडेट पहिल्याच आठवड्यात गिरकी घेऊ लागतात. माझ्या मते पहिले सत्र उभ्यानेच फेक करायला लावावी. थाळी तर्जनीवरून सुटली तर गरगर फिरते आणि हवेत स्थिर राहते. नुसतीच निसटली तर डगमगते. पुढची कड जास्त उचलली की वाऱ्यावर अडते आणि जवळच पडते. गिरकीच्या गडबडीत यातले काहीच हाताला कळत नाही.

मिकोलास अलेकनाचा २०२५ मधला ७५.५६ मीटरचा विश्वविक्रम ओक्लाहोमाच्या वाऱ्यात झाला. समोरचा वारा थाळीला उचलून धरतो, पण नीट सुटलेल्या थाळीलाच.

तिन्ही फेकी बाद झालेला ज्युनिअर पुढच्या वर्षी नावच देत नाही. म्हणून पालकांनी ‘किती लांब?’ याआधी ‘पट्ट्यात पडली का?’ असे विचारावे. आणि सर, पहिल्या सत्रात मैदानावर टेप आणूच नका.