मामा, फक्त ‘नेक्स्ट’ दाबायचं!

तुळशीचं लग्न जवळ आलं की शाहूपुरीतल्या माझ्या मामाला चहा प्यायलाही उसंत नसते. मामाचं डीटीपी सेंटर आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर नमुन्याच्या पत्रिका आणि कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेला काड्यापेटीएवढा डोंगल. तो असेल तरच मराठी फॉन्ट चालतात. रोज दुकान उघडल्यावर मामा आधी गणपतीला उदबत्ती ओवाळतो आणि मग त्या डोंगलला. मला वाटायचं, गंमत करतो.

दोस्तहो, गंमत नव्हती ती!

झालं असं, की १४ ऑक्टोबर २०२५ला, म्हणजे वसुबारसेच्या तीनच दिवस आधी, विंडोज १०चा सपोर्ट संपला. माझ्या आयटीवाल्या डोक्यात लगेच घंटा... सिक्युरिटी! मामाच्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, जीएसटी भरला जातो, दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात. हे असं उघड्यावर कसं सोडायचं? विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० चिपही त्यात होती. (ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांची धडधाकट मशीन्स निव्वळ या नियमापायी बाहेर राहिली. त्या लोकांचा राग अजून वेगळा.)

‘‘चालतंय की रं ते! कशाला हात लावतोयस?’’ मामा म्हणाला.

‘‘मामा, फक्त नेक्स्ट, नेक्स्ट दाबायचं. तू तोवर मिसळ खाऊन ये.’’

मामा मिसळ खाऊन आला आणि स्क्रीनकडे बघून पहिलं वाक्य बोलला, ‘‘स्टार्टचं बटण मधे कुणी आणून ठेवलं?’’

हसू नका. या एका बटणाने भल्याभल्यांना नमवलंय. ऑक्टोबर २०१२मध्ये विंडोज ८ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने ते कोपऱ्यातलं बटण काढूनच टाकलं. टॅबलेटचा जमाना आहे, लोक बोटाने टाइल्स दाबतील असा त्यांचा हिशोब. लोकांनी एवढी बोंब मारली, की वर्षभरात ८.१मध्ये ते मुकाट्याने परत आणावं लागलं. २०१६मध्ये तर कहर. विंडोज १०च्या अपग्रेडची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली, तरी ती संमती धरली जायची! कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाई थेट कोर्टात गेल्या. न मागितलेल्या अपग्रेडने माझा कामाचा कॉम्प्युटर बिघडवला, म्हणाल्या. आणि १०,००० डॉलर वसूल केले. मॅकवाल्यांनी कॉलर ताठ करायचं कारण नाही. सप्टेंबर २०२५च्या आयपॅडओएस २६मध्ये ॲपलने स्प्लिट व्ह्यू आणि स्लाइड ओव्हर दोन्ही काढले आणि जगभरातले आयपॅडवाले खवळले. नोव्हेंबरात २६.१ आलं, त्यात स्लाइड ओव्हर परत!

हे सगळं मी मामाला ज्ञान म्हणून ऐकवलं. मोठ्या झोकात.

दुसऱ्या दिवशी कसबा बावड्याचे एक काका मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. मामाने फाइल उघडली आणि वधूच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं... नुसती भेळ! त्याचं काय आहे, हे जुने डीटीपी फॉन्ट युनिकोड नसतात. आत साठवलेली असतात इंग्रजीच चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. जुन्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या सिस्टीमवर चालेना, फॉन्टचं सॉफ्टवेअर उठेना आणि मुखवटा गळून पडला. ड्रायव्हर चालेल का, हे आधी तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नव्हतं. मागे फिरायला दहा दिवसांची सोय असते म्हणा. पण या शहाण्याने डिस्कवर जागा करताना जुन्या सिस्टीमचं फोल्डरच उडवलेलं!

म्हटलं, युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतो. मामाच्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळतच नव्हतं. मग वर्डमध्ये, मंगल फॉन्टमध्ये केलं. काकांनी चष्मा वर सरकवून बघितलं. ‘‘ह्यो ल आपला न्हाई.’’ खरंच की! मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे. आणि मुलीच्या नावात दोन्ही अक्षरं.

काका चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘‘परवा सकाळी पहिली पत्रिका अंबाबाईपुढं ठेवायची हाय. तुमच्यावर सोडलंय.’’

मामाने मला एका शब्दाने विचारलं नाही. पेनड्राइव्ह उचलला आणि चपला घालून गल्लीतल्या दुसऱ्या डीटीपीवाल्याकडे निघाला. इथे सांगायला हवं, की त्या दोघांत सहा वर्षं बोलाचाली नव्हती. कुठल्याशा निवडणुकीच्या पत्रकांच्या दरावरून वाजलेलं. मी मागे मागे. मामा दारात उभा राहिला. ‘‘जरा फॉन्ट पायजे होता...’’ त्याने वर बघितलं, काय समजायचं ते समजला आणि स्वतःची खुर्ची रिकामी केली. ‘‘बसा.’’

रात्री दोन वाजेपर्यंत दोघे शेजारी शेजारी बसून काम करत होते. फक्त त्या काकांचंच नाही, अडकलेल्या अकरा पत्रिकांचं. माझ्याकडे खातं एकच, चहा आणायचं. मधे एकदा दोघे मिळून माझ्यावर हसले, तेव्हा जरा हायसं वाटलं.

आता व्यवस्था अशी आहे. जुनी सिस्टीम पुन्हा टाकून ते मशीन कायमचं इंटरनेटवरून काढलंय. बँक, जीएसटी, मेल यासाठी एक सेकंडहँड लॅपटॉप आणलाय, त्यावर मी सगळे अपडेट वेळच्या वेळी टाकतो. पेनड्राइव्हही आधी तिथेच तपासायचा. अपडेट नकोच, असं माझं अजूनही म्हणणं नाही. सपोर्ट संपलेलं मशीन नेटवर ठेवणं म्हणजे दुकानाचं शटर अर्धं उघडं टाकून घरी जाणं. पण लग्नसराईत, बॅकअप न घेता, मालकाला मिसळ खायला पाठवून? छे!

गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला. मामीच्या टॅबलेटवर अपडेट आलं होतं.

‘‘दाबू का रं?’’

‘‘आधी फोटोंचा बॅकअप घे मामा, मग दाब.’’

पलीकडे जरा शांतता. ‘‘बरं... थांब, शेजारी एकदा इचारून येतो,’’ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.