छातीवर अडीचशे सेन्सर लागतील तेव्हा लागतील, आधी साधा ईसीजी वेळेत काढा

पायाच्या शिरेतून तार न घालता, फक्त छाती-पाठीवर पट्ट्या चिकटवून हृदयातल्या विजेचा नकाशा काढता येतो. या तंत्राला ईसीजी इमेजिंग म्हणतात. सातारा-सांगलीच्या आपल्या कुटुंबांना त्याचा उपयोग किती, हे नीट समजून घ्यायला हवं.

साध्या ईसीजीत १० पट्ट्या असतात, चार हातापायांना आणि सहा छातीवर. नव्या पद्धतीत सुमारे २५० सेन्सर असलेलं जाकीट घालतात आणि सोबत सीटी स्कॅन करतात. त्वचेवर मिळालेल्या नोंदींवरून हृदयाच्या पृष्ठभागावर वीज कुठून निघाली आणि कुठे अडली, याचं गणित कॉम्प्युटर उलट्या दिशेने मांडतो. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात योरम रुडी यांच्या टीमने २००४ मध्ये माणसांवरचे असे नकाशे प्रसिद्ध केले. २०१७ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी या नकाशाच्या आधारे पाच रुग्णांच्या जीवघेण्या ठोक्यांवर बाहेरून रेडिएशन देऊन उपचार केले.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हा नकाशा म्हणजे गणिताने काढलेला अंदाज आहे. हृदयाच्या आतल्या पडद्यातला बिघाड त्यात थेट दिसत नाही. दोन, ही तपासणी ठोके बिघडण्यासाठी आहे. रक्तवाहिनीतला ब्लॉकेज त्यात कळत नाही. म्हणून 'नवीन मशीन आलंय, एकदा करून घ्या' असं कुणी म्हटलं, तर आधी 'कशासाठी?' असं विचारा.

आपल्याकडे माणूस दगावतो तो बहुतेकदा उशिरामुळे. छातीत दुखलं की 'गॅस झालाय' म्हणून सोडा पाजतात, रात्र काढतात. आटपाडी, जत किंवा माण-खटावच्या गावातून मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्याला पोचायलाच वेळ लागतो. हार्ट अटॅकचा संशय असेल तर दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा, असा वैद्यकीय नियम आहे. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यातच द्यावं लागतं. त्यामुळे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्रीसुद्धा ईसीजी निघतो का आणि तो वाचणारं कुणी असतं का, हा आपल्या नगरसेवक-आमदारांना विचारायचा खरा प्रश्न आहे.

एक नाजूक बाब राहते. पट्ट्या लावायला छाती उघडी करावी लागते, म्हणून आपल्या काही अम्मी, खाला, फुफी तपासणीच टाळतात. बायकांमध्ये छातीत दुखण्याऐवजी दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं अशीही लक्षणं दिसतात, त्यामुळे आणखी उशीर होतो. पडदा लावा, लेडी टेक्निशियन किंवा सिस्टर द्या, असं मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. पण सिस्टर नाही म्हणून ईसीजीच नाही, असं होऊ देऊ नका. जीव वाचवण्याच्या वक्ताला दीनमध्येही सवलत आहे.

खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवा. रात्री-अपरात्री १०८ ला फोन करा. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत एवढी माहिती दोन मिनिटांत सांगता येईल. कुणाच्या तरी अब्बांना तिचा उपयोग होईल.