‘गॅस संपलाय’ हे निदान नव्हे!

गाडीचा एसी गार हवा देईना झाला की तुमच्या घरात पहिलं वाक्य कोणतं येतं? ‘गॅस संपला असेल, भरून आण.’ आमच्याकडेही हेच झालं. काकांच्या सेकंडहँड गाडीत वर्षात दोनदा गॅस भरला, दोन्ही वेळा पंधराशे रुपये मुकाट्याने दिले. मग मार्चमधल्या एका दुपारी बारामतीहून नीरेकडे जाताना कोऱ्हाळे बुद्रुकच्या अलीकडे आम्ही उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. एसीतून पुन्हा गरम वारा, आणि इंजिनाच्या तापमानाचा काटाही वर सरकायला लागला.

कोऱ्हाळ्यात रस्त्याकडेच्या एका गॅरेजवर थांबलो. मिस्त्रींनी एकच विचारलं, “पावणं, गाडी पळताना गार लागतं का?” लागत होतं. थांबली की गरम. “मग गॅस नाय, आधी पंखा बघू.”

यामागचं गणित साधं आहे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. गाडी वेगात असताना समोरचा वारा दोघांनाही गार करतो. गाडी थांबली किंवा रखडली की ते काम पंख्याचं. पंखा फिरला नाही तर कंडेन्सरमधला दाब वाढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. गॅस पुरेसा असूनही हवा गरम येते. तिकडे इंजिनही तापतं. म्हणजे दोन दुखण्यांचं कारण एकच.

मिस्त्रींनी एसी लावला. पंखा हलला नाही. पंख्याला थेट बॅटरीचा करंट दिला, फिरला. म्हणजे मोटर ठीक. फ्यूज टेस्ट लॅम्पने तपासला, ठीक. शेवटी पंख्याच्या रिलेच्या जागी त्याच डब्यातला तसाच दुसरा रिले बसवून पाहिला, आणि पंखा घोंगावला. नवा रिले लावून झाल्यावर म्हणाले, “रिलेचे वेगळे, तपासणीचे दोनशे.”

आणि काका भडकले! “पंधरा मिनिटांचे दोनशे?” गॅसचे तीन हजार निमूट देणारा माणूस दोनशेसाठी हुज्जत घालत होता. कारण गॅसचं सिलिंडर डोळ्यांना दिसतं, डोक्यातला विचार दिसत नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. आपण पार्टचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. मग मेकॅनिकने पोट कशावर भरायचं? पार्ट बदलून! शोधण्याच्या कष्टाला शून्य किंमत असेल तर ‘बदलून बघू’ हाच धंदा होणार, आणि शोधणारा माणूस हळूहळू बदलणारा होणार. तपासणीचे पैसे घेऊनही एखादा फसवेल, हे मान्य. पण त्याला ‘काय काय तपासलंत?’ असं हक्काने विचारता तरी येतं.

गॅसचंही तसंच. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतच फिरतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण काही महिन्यांत खरंच कमी झाला तर गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस हवेतच जाणार. अनेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी आहे. अशाच वायूंचा वापर घटवायला २०१६ मध्ये किगाली इथे जगाने करार केला. आपण मात्र दर उन्हाळ्यात ‘भरून टाक’ म्हणतो.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजला जाण्याआधी एवढं बघा. एसी कधी गरम होतो, थांबल्यावर की पळतानाही? एसी लावल्यावर पंखा फिरतो का? (बहुतेक गाड्यांत फिरायला हवा.) काटा ट्रॅफिकमध्ये चढतो की मोकळ्या रस्त्यावरही? मोकळ्या रस्त्यावर चढत असेल तर कूलंट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप यांच्याकडे बघायला सांगा. मात्र तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि पंख्याजवळ हात नेऊ नका, तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

हे सगळं मिस्त्रींना सांगा. आणि त्यांनी तपासणीचे पैसे मागितले, तर घासाघीस न करता द्या. आमच्या काकांनी शेवटी दिले. परवा शेजाऱ्यांच्या गाडीचा एसी बिघडला, तेव्हा काकाच त्यांना सांगत होते, “आधी पंखा बघा.”