रझाकार आठवतात, जहागीरदार का नाही?

दर 17 सप्टेंबरला हिंगोलीत झेंडा फडकतो आणि दुपारपर्यंत मोबाइलवर एकच गोष्ट फिरू लागते : निजाम मुसलमान होता, म्हणून त्याला भारतात यायचं नव्हतं. फॉरवर्ड करायला ही गोष्ट सोयीची आहे. माझ्या मते ती अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी मुद्दाम गाळली जाते.

जून 1947 मध्ये मीर उस्मान अलीने फर्मान काढलं : इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र. पण कुणासाठी स्वतंत्र? संस्थानातली सुमारे 10 टक्के जमीन 'सर्फ-ए-खास', म्हणजे निजामाची खासगी. आणखी 30 टक्क्यांच्या आसपास जहागिरी. भारतात जायचं म्हणजे निवडणुका आल्या, आणि निवडून आलेल्यांनी आज ना उद्या या जमिनींना हात घातलाच असता. खरी धास्ती त्याची होती.

अमेरिकेतल्या दक्षिणी राज्यांनी यादवीआधी हेच केलं. आजही काही जण म्हणतात, ती राज्यांच्या हक्कांसाठी फुटली. पण 1861 च्या मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच गुलामगिरीचं नाव आहे. हैदराबाद फुटून निघालं नाही, त्याने सामील व्हायला नकार दिला, एवढा फरक. मिसिसिपीने कारण लिहून ठेवलं; निजामाचं कारण जमिनीच्या हिशेबात वाचावं लागतं.

तुम्ही म्हणाल, मग रझाकारांचं काय? कासिम रझवीने धर्माच्या नावावर टोळ्या उभ्या केल्या, त्यांनी गावं लुटली, माणसं मारली. त्यात एक अक्षरही कमी करायचं कारण नाही. वसमतच्या शाळेला हुतात्मा बहिर्जींचं नाव उगाच नाही.

पण लढा फक्त धर्माचा होता, तर दोन गोष्टी सांगा. तेलंगणात शेतकरी ज्यांच्याविरुद्ध उठले त्यात विसनूरच्या देशमुखासारखे हिंदू जमीनदार होते. मग रझाकार त्या देशमुखांच्या मदतीला का धावले? आणि 'इमरोज'चे संपादक शोएबउल्लाखान मुसलमान होते, विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून का झाला?

शेवट तर आणखी बोलका आहे. 1949 मध्ये जहागिरी गेल्या. निजाम मात्र 1950 मध्ये त्याच राज्याचा राजप्रमुख झाला, वर तनखाही मिळाला. पोलिस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा सुंदरलाल समितीचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. मरणारे बहुतेक मुसलमान होते, आणि आपला मराठवाडा सर्वाधिक होरपळलेल्या भागांत होता. नकार राजवाड्याने दिला, किंमत गावातल्या माणसांनी मोजली.

गोष्ट धर्मावर थांबवली की जमिनीचा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून येत्या 17 सप्टेंबरला फॉरवर्ड करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढंच विचारा : निजामाच्या काळात आपलं गाव कुणाच्या जहागिरीत होतं, आणि आपण कुणाच्या शेतात राबत होतो?