शिळ्या भाताची कैफियत

नागझिऱ्याच्या अरण्यद्वारी असलेल्या चोरखमाऱ्यास व्याघ्रदर्शनार्थ येणारा शहरी मनुष्य आतड्यांतील मित्रजंतूंच्या नावाने विकली जाणारी कुपी श्रद्धेने प्राशन करतो, आणि धानपट्ट्यातला शेतकरी मात्र रात्री पाण्यात घातलेला भात सकाळी ताक-मीठ-कांद्याशी कुस्करून खाताना परक्यासमोर संकोचतो, हा विपर्यास मला असह्य वाटतो.

पूर्वपक्ष असा की, शिळे अन्न म्हणजे दारिद्र्य, आणि हितकर जिवाणू हवेच असतील तर ते शास्त्रशुद्ध कुपीतूनच घ्यावेत. दाखला शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचा. आंबट दुधाचा पुरस्कार त्यांनी केला खरा. परंतु 1908 सालचे नोबेल त्यांना रोगप्रतिकारावरील संशोधनासाठी मिळाले, दह्यासाठी नव्हे, हा तपशील जाहिरातदार सोयीस्करपणे गाळतात. शिवाय बाहेरून गिळलेले जंतू बहुधा पाहुणेच ठरतात. सेवन थांबले की काही दिवसांत त्यांचा मुक्काम हलतो.

खरा प्रश्न कायम रहिवाशांच्या पोटगीचा आहे. लहान आतड्यात न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोहोचला म्हणजे तेथील जिवाणू तो आंबवून ब्यूटिरिक आम्लासारखी द्रव्ये निर्माण करतात, आणि त्या आम्लावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. शिजलेला भात निवला की त्यातील काही पिष्ट पचनास दाद देत नाही व याच कामी येते. रात्रभर पाण्यात राहिल्याने त्यात दुग्धाम्ल जंतूही वाढतात.

तथापि शिळ्या भाताची वकिली करताना त्याचे दोष झाकणे मला मान्य नाही. गिरणीत पांढऱ्याशुभ्र केलेल्या तांदळात चोथा तो किती उरणार? तो भरून निघतो पावसाळ्यातील तरोट्याच्या भाजीने, जवसाच्या चटणीने, आणि धान कापणीपूर्वीच बांधीच्या ओलीवर उतेरा पेरलेल्या लाखोरीच्या डाळीने. मात्र दुष्काळात केवळ लाखोरीवर जगलेल्यांचे पाय कायमचे लुळे पडले आहेत, म्हणून तिला भाताची सोबतीणच ठेवावी, अन्नाची मालकीण करू नये. तसेच तासन्‌तास उघडा, उबेत पडलेला भात पुन्हा तापवून शुद्ध होतो हा समज घातक आहे. त्यातील एका जंतूचे विष उकळीलाही जुमानत नाही. भात निवताच स्वच्छ पाण्यात घालून गार जागी झाकावा, आणि वैशाखात वास फिरला असेल तर खुशाल टाकून द्यावा.